जॅझ महोत्सव आणि हौशी वादकाची बिदागी

जॅझ महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन आकारांची अक्षरे असतात. मोठ्या अक्षरांतील नावे संध्याकाळची, मुख्य मंचावरची, ज्यांच्यासाठी तिकिटे खपतात त्यांची. लहान अक्षरांतील नावे दुपारची आणि बाजूच्या मंचावरची. त्यांत ट्रंपेट वाजविणारा एखादा दंतवैद्य असतो, डबल बेस धरणारा एखादा बँकेतील अधिकारी असतो, महाविद्यालयातील चार-सहा मुलांचा एखादा ताफा असतो. मोठ्या अक्षरांतील वादकांना किती बिदागी द्यावयाची याबद्दल संयोजक महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करतात. लहान अक्षरांतील वादकांना काय द्यावयाचे, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. मंच मिळाला हीच त्यांची बिदागी, असे संयोजकाला वाटते. हौशी वादकालाही बहुतेक वेळा तसेच वाटते. नाराज असतो तो तिसराच माणूस. वादनावरच ज्याचा चरितार्थ आहे, पण ज्याचे नाव अद्याप मोठ्या अक्षरांत आलेले नाही, असा त्याच शहरातील व्यावसायिक वादक त्या दुपारी घरी बसलेला असतो.

या तिसऱ्या माणसाची तक्रार दोन प्रकारे निकालात काढली जाते. कलेच्या क्षेत्रात पैशाचा विचार क्षुद्र होय, हे एक उत्तर. ज्याला बाजारात मागणी नाही त्याने रडू नये, हे दुसरे. गंमत अशी की, ही दोन्ही उत्तरे एकाच संयोजकाच्या तोंडून एकाच संभाषणात ऐकावयास मिळू शकतात. उलटपक्षी, हौशी लोकांना महोत्सवाच्या मंचावर पाऊलच ठेवू देऊ नये, असे म्हणणारे व्यावसायिकही आहेत. दोन्ही पक्षांची चूक होते आहे. हौशी वादक जॅझ महोत्सवात असलाच पाहिजे. फुकट वाजविणारा वादक मात्र तिकिटाच्या मंचावर असता कामा नये. हा भेद वरवर शाब्दिक वाटेल. परंतु जॅझचा इतिहास आणि त्याचे अर्थकारण पाहू गेल्यास सारा प्रश्न या भेदावरच उभा आहे, असे आढळते.

हौशी माणसाला महोत्सवाच्या मंचावर जागा का असावी, हे समजण्यासाठी आधी जॅझची घडण लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो श्रोते बसतात. घरी तानपुरा बाळगणारे, पेटी वाजविणारे, एखाद्या गुरूकडे दहा-दहा वर्षे शिकलेले असे कितीतरी त्यांत असतात. त्यांची जागा समोर श्रोत्यांत असते आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नसते. ख्यालगायकाची मांडणी ही त्याची स्वतःची, त्याच्या घराण्याच्या तालमीतून आलेली. अनोळखी माणसाने तिच्यात अर्ध्यावर शिरण्याची सोय नाही. जॅझमध्ये ही सोय मुळातच आहे. ब्लूज या प्रकाराचा नेहमीचा साचा बारा खणांचा असतो. प्रत्येक खणात चार ठोके, आणि त्या बारा खणांत मुख्यतः तीन स्वरसंघांचा ठरलेला क्रम. जुन्या अमेरिकन नाट्यगीतांचा साचा बहुधा बत्तीस खणांचा असतो. पियानो, बेस आणि ड्रम्स वाजविणारे तिघेजण हा साचा अखंड फिरवीत राहतात. त्यांना ‘ऱ्हिदम सेक्शन’ असे म्हणतात. तबलजीने आवर्तन सांभाळावे तसेच हे काम आहे, फक्त येथे ठेक्याबरोबर स्वरसंघांचेही आवर्तन सांभाळावे लागते. प्रारंभी सर्वांनी मिळून गीताची मूळ चाल वाजवावयाची, मग एकेकाने त्या आवर्तनावर आपली उपज मांडावयाची आणि शेवटी पुन्हा मूळ चालीवर यावयाचे. गीताचे नाव, सूर आणि लय एवढे ठरले, की एकमेकांचे तोंडही कधी न पाहिलेले पाच वादक तासभर एकत्र वाजवू शकतात.

सर्वांनाच सर्व गीते येतात, असे अर्थातच नाही. हॉवर्ड बेकर आणि रॉबर्ट फॉकनर हे दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्वतः अनेक वर्षे असे वाजवीत आलेले. बेकर तरुणपणी शिकागोच्या मद्यगृहांत पियानो वाजवीत असत. या दोघांनी २००९ मध्ये एक संपूर्ण पुस्तकच या विषयावर लिहिले, की कोणाला कोणते गीत येते याचा हिशेब वादक मंचावर उभ्या उभ्या कसा जुळवितात. प्रत्येकाला थोडे थोडे येते, नजरेने आणि कुजबुजीने तडजोड होते, ज्याला गीत येत नाही तो एक आवर्तन ऐकतो आणि दुसऱ्यात शिरतो. व्यावसायिक आणि हौशी यांच्यामध्ये येथे भिंत नाही, जिना आहे. त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या, तर वर पोहोचणार कोण, हा प्रश्न व्यावसायिकांनीही स्वतःला विचारावयास हवा.

हा जिना किती उपयोगी पडतो, याचे उत्तम उदाहरण पोलंडमध्ये सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे स्टालिनपंथी राजवट आली आणि जॅझकडे अमेरिकन सांस्कृतिक घुसखोरी म्हणून पाहिले जाऊ लागले. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभीची ही वर्षे पोलिश वादक भुयारातील वर्षे म्हणून ओळखतात. वादन चाले ते खासगी घरांत, ओळखीच्या माणसांपुरते. स्टालिनच्या मृत्यूनंतर दडपण सैल झाले आणि ऑगस्ट १९५६ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील सोपोत या गावी त्या देशातील पहिला मोठा जॅझ महोत्सव भरला. ज्या देशात वर्षानुवर्षे जॅझला उघड व्यासपीठच नव्हते, तेथे रूढ अर्थाने व्यावसायिक जॅझवादक असणार तरी किती? मंचावर आले ते विद्यार्थी, तंत्रज्ञ, आणि क्रिस्तोफ त्श्चिन्स्की नावाचा पंचविशीतील एक डॉक्टर. नाक-कान-घशाचे विकार हा त्याचा विषय. रुग्णालयातील सहकाऱ्यांना आपला हा उद्योग कळू नये म्हणून त्याने वादनासाठी ‘कोमेदा’ हे टोपणनाव घेतले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या सहा जणांच्या ताफ्याने त्या महोत्सवात आधुनिक जॅझ वाजविले. तोवर पोलंडमध्ये जॅझ म्हणजे नाचण्याचे संगीत ही समजूत रूढ होती. ते बसून, मन लावून ऐकावयाचे संगीत आहे, हे या हौशी डॉक्टरने दाखवून दिले.

पुढे कोमेदाने वैद्यकी सोडली. रोमान पोलान्स्कीच्या १९६२ च्या ‘नाइफ इन द वॉटर’ला आणि १९६८ च्या ‘रोझमेरीज बेबी’ला संगीत दिले. डिसेंबर १९६५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्याची ‘अस्तिग्मातिक’ ही तबकडी आज युरोपीय जॅझच्या इतिहासातील एक मोठा टप्पा मानली जाते. १९६९ मध्ये, वयाची अडतीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्याचा मृत्यू झाला. सोपोतच्या मंचावर कोमेदाच्या ताफ्यात सॅक्सोफोन वाजविणारा यान व्रुब्लेव्स्की हा तरुण दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, अमेरिकेतील न्यूपोर्ट महोत्सवात दिसला. महोत्सवाच्या चालकांनी त्या वर्षी युरोपभर फिरून, वादन ऐकून निरनिराळ्या देशांतील तरुणांचा एक वाद्यवृंद निवडला होता, त्यात त्याची वर्णी लागली. सोपोतचा महोत्सव झाला नसता, तर पोलंडमधील एका तरुणाचे वादन ऐकावयास त्या वेळी कोण गेले असते?

या अनुभवातून पोलंडने संस्था उभी केली. व्रोत्सवाफ या शहरात १९६४ पासून ओडर नदीच्या नावाचा एक जॅझ महोत्सव भरू लागला. तो मुळात विद्यार्थ्यांचा, आणि स्पर्धा हा त्याचा कणा. पश्चिमेकडेही असेच घडले. झुरिक येथे १९५१ पासून दोन दशकांहून अधिक काळ हौशी जॅझवादकांचा महोत्सव भरत असे. पुढे युरोपच्या मुक्त जॅझमधील अग्रणी पियानोवादक म्हणून नाव मिळविणारी इरेन श्वायत्सर १९६० च्या सुमारास, विशीही न गाठलेली असताना, त्या मंचावर आली होती. वडिलांच्या उपाहारगृहात सराव करणाऱ्या नृत्यवृंदांचे ऐकून ती वाजवावयास शिकली होती. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला पन्नाशीच्या दशकात हौशी जॅझ महोत्सव सुरू झाला. क्लाउस डोल्डिंगर हा सॅक्सोफोनवादक तेथूनच पुढे आला, आणि १९८१ च्या ‘दास बूट’ या चित्रपटाचे संगीत त्याचेच. या सर्व महोत्सवांत एक गोष्ट समान होती. हौशी माणूस तेथे दुपारची रिकामी जागा भरण्यासाठी बोलाविलेला नव्हता. महोत्सव त्याच्यासाठीच होता. त्याच्या वादनाची परीक्षा होई, परीक्षक असत, निकाल लागे, आणि वाईट वाजविले तर तसे सांगितले जाई. बहुसंख्य स्पर्धक सामान्यच असणार, हे उघड आहे. पण श्रोत्याला ते ठाऊक असे आणि त्याची कोणी फसवणूक करीत नसे.

येथवरचे सारे हौशी वादकाच्या बाजूचे झाले. व्यावसायिकाची बाजू कळण्यासाठी अमेरिकेकडे वळले पाहिजे. तेथील वादकांची ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ ही संघटना १८९६ पासूनची. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर बोलपट आले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक अल्पावधीत बेकार झाले. पाठोपाठ तबकड्या आणि रेडिओ. यंत्राने एकदा वाजविलेले लाख वेळा ऐकविता येते, ही गोष्ट वादकाच्या पोटावर येणारी होती. या पार्श्वभूमीवर संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १९४२ च्या उन्हाळ्यात दोन निर्णय घेतले. १ ऑगस्टपासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार, हा पहिला. तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि इतिहासात गाजला. दुसरा निर्णय तुलनेने लहान, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. मिशिगन राज्यात इंटरलॉकन येथे शाळकरी मुलांचे संगीतशिबिर भरे आणि त्यांच्या वाद्यवृंदाचे वादन राष्ट्रीय रेडिओवरून प्रक्षेपित होई. पेट्रिलो यांनी ते प्रक्षेपण बंद पाडले. जो वेळ मुले फुकट भरून काढतात, तो एरवी संघटनेच्या वादकांना पैसे देऊन भरावा लागला असता, हा त्यांचा युक्तिवाद.

देशभर काहूर उठले. मुलांची तोंडे बंद करणारा हुकूमशहा, अशी पेट्रिलो यांची संभावना झाली आणि १९४६ मध्ये काँग्रेसने ‘ली कायदा’ संमत करून रेडिओबाबतच्या अशा सक्तीला प्रतिबंध केला. पेट्रिलो यांची रीत आडदांड होती, हे नाकारता येणार नाही. शाळकरी मुलांना गप्प बसवून कोणत्याही संगीताचे भले होत नसते. परंतु त्यांच्या युक्तिवादातील गाभा खोटा नव्हता. रेडिओ कंपनी त्या वेळात धर्मादाय कार्य करीत नव्हती; तिचा धंदा चालू होता, आणि त्या धंद्यातील एक घटक तिला विनामूल्य मिळत होता. खरा सवाल त्या कंपनीला विचारावयास हवा होता. पेट्रिलो यांनी तो मुलांना विचारला, तेथे त्यांची गफलत झाली. आजचे जे व्यावसायिक वादक हौशी मंडळींवर तोंडसुख घेतात, ते नेमकी हीच गफलत करतात.

महोत्सवाचे अर्थकारण थोडे उलगडून पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होईल. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका कामगाराचे उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढू शकते. चार वादकांसाठी रचलेली अर्ध्या तासाची कृती वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी दोन मनुष्यतास लागत, आजही दोनच लागतात. ती दुप्पट वेगाने वाजविली म्हणून उत्पादकता वाढत नाही. वादकाला मात्र बाजारात धान्य, घरभाडे आणि शाळेची फी इतरांच्याच दराने द्यावी लागते. साहजिकच प्रत्यक्ष वादनाचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने सतत वाढत जातो. महोत्सव हा त्या वाढत्या खर्चावरचा एक उपाय आहे. एक मंच, एक ध्वनियंत्रणा, एक जाहिरात यांवर चार दिवसांत अनेक कार्यक्रम उरकावयाचे. हा उपायही अपुरा पडू लागला की संयोजकाची नजर एकाच खर्चाकडे वळते, कारण तेवढाच लवचिक असतो. मंडपवाला उधारी ठेवीत नाही, वीजमंडळ ठेवीत नाही, विमानकंपनी तर नाहीच. हौशी वादक मात्र स्वतःचे वाद्य घेऊन, स्वतःच्या भाड्याने येतो आणि वर आभार मानून जातो.

हे त्याला परवडते, कारण त्याच्या वादनाचा खर्च दुसराच कोणी सोसत असतो. कोमेदाच्या पियानोचा खर्च काही काळ तरी पोलंडच्या एका रुग्णालयाने सोसला, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकन मध्यवर्ती बँकेचे पुढे अध्यक्ष झालेले अ‍ॅलन ग्रीनस्पॅन तरुणपणी उलट्या दिशेने गेले. हेन्री जेरोम यांच्या वाद्यवृंदात ते सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवीत, आणि मधल्या सुट्टीत अर्थशास्त्राची पुस्तके वाचीत व सहकाऱ्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देत. आपल्याला कोणते काम तुलनेने अधिक चांगले जमते, हे त्यांना वेळीच उमगले. (त्यांच्या नंतरच्या धोरणांकडे पाहता ते सॅक्सोफोनवरच राहिले असते तर बरे, असे म्हणणारे अर्थशास्त्रज्ञही आहेत, तो वाद येथे नको.)

सामान्यतः पैशाचा ओघ हौशी माणसाकडून व्यावसायिकाकडे वाहतो, हे विसरता कामा नये. हौशी वादक शिकवणी लावतो ती व्यावसायिकाकडे. तबकड्या तोच विकत घेतो. पावसात भिजत, रात्री अकरा वाजता, वीसच माणसे जमलेल्या कार्यक्रमाला तोच जातो. टिबोर सिटोव्हस्की यांनी १९७६ मधील ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की उपभोग ही देखील शिकावी लागणारी गोष्ट आहे आणि उत्तेजक, समृद्ध आनंद हा शिकलेल्यालाच मिळतो. जॅझचा हौशी वादक हा या अर्थाने सर्वांत शिकलेला ग्राहक होय. त्याला मंचापासून तोडणे म्हणजे मागणीच्या मुळावर घाव घालणे. परंतु तोच माणूस तिकीट लावलेल्या मंचावर व्यावसायिकाच्या जागी फुकट उभा राहिला, की ओघ उलटा फिरतो. माणूस तोच, वाद्य तेच, वादनाचा दर्जाही तोच. बदलते ती केवळ अट. म्हणून हा वाद गुणवत्तेचा नाही, अटींचा आहे.

मुंबईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो जरा बोचरा आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून या शहराला जॅझचा नाद लागला. पण जॅझ या शहरात रुजविले ते गोव्याहून आलेल्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास ही मुले शिकली, रोजगारासाठी मुंबईस आली, धोबीतलाव परिसरातील आपापल्या गावच्या ‘कूड’ नामक वसतिस्थानांत पथाऱ्या टाकून राहिली आणि हॉटेलांत वाजवू लागली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्री ओसरू लागल्या, आणि या वादकांना हात दिला तो हिंदी चित्रपटांनी. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या ट्रंपेटवादकाचा ताफा पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. या माणसांची नावे त्या काळच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली. दिवसा ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेल, आणि या दोहोंच्या मध्ये उरलेल्या वेळात आपल्या आवडीचे जॅझ, असे त्यांचे आयुष्य होते. यंत्रांवर तयार होणारे संगीत आल्यानंतर तो स्टुडिओचा रोजगारही आटला.

हौशी कोण होते? तबकड्या परदेशातून मागविणे ज्यांना परवडे ते. वकील, डॉक्टर, व्यापारी, जाहिरात कंपन्यांतील अधिकारी. त्यांच्या आस्थेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. निरंजन झवेरी यांच्यासारख्या नादिष्ट माणसाने पुढाकार घेतला नसता, तर १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झालीच नसती. सॉनी रोलिन्ससारखा वादक त्या पहिल्या यात्रेत धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आभाळाखाली वाजवून गेला. ब्राझ गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांच्यासारख्या येथील वादकांना तेथे नाचणाऱ्या पावलांऐवजी ऐकणारे कान लाभले. एका अर्थी सारी यात्राच हौशी माणसांनी व्यावसायिकांसाठी मांडलेला उत्सव होती, आणि तो संबंध योग्य होता. पुढे शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे रंगभवनातील मैफली थांबल्या, यात्राही थांबली. आता मुंबई, पुणे, गोवा येथे महोत्सव भरतात, त्यांत हौशी मंडळी श्रोत्यांतून उठून मंचावर येऊ लागली आहेत. हे स्वागतार्ह आहे. पण स्थिर पगाराच्या माणसाने, ज्याच्या पूर्वसुरींनी हे संगीत पोटाला चिमटा घेऊन या शहरात टिकविले, त्याच वादकाच्या जागी फुकट उभे राहावे, यात केवळ दराचा प्रश्न उरत नाही. ज्याला गरज नाही त्याचे औदार्य ज्याला गरज आहे त्याच्या खिशातून जाते.

मराठी वाचकाला या कोड्याचे उत्तर परके वाटू नये. १९५४ पासून राज्य शासन हौशी नाट्यस्पर्धा भरवीत आले आहे. केंद्रे ठरलेली, परीक्षक नेमलेले, संघांच्या खर्चाला शासनाचा हातभार, आणि प्राथमिक फेरीतून अंतिम फेरीत जाण्याचा उघड मार्ग. कारकून, शिक्षक, गिरणी कामगार त्यातून रंगभूमीवर आले. धंदेवाईक रंगभूमीने या स्पर्धेवर पोटावर पाय आल्याचा आरोप केल्याचे सहसा ऐकिवात नाही. उलट नट आणि नाटककार शोधण्यासाठी निर्माते तेथे जाऊन बसत. कारण स्पर्धेचे नाटक धंदेवाईक प्रयोगाची तारीख हिसकावून घेत नव्हते. पुण्याच्या पीडीए या हौशी संस्थेने १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले, तेव्हा त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल हे डॉक्टर होते आणि नाना फडणवीस रंगविणारे मोहन आगाशे हेही डॉक्टर. सोपोतच्या मंचावरील त्या घशाच्या डॉक्टरशी त्यांचे नाते ओळखू येण्यासारखे आहे. फरक एवढाच, की त्यांना टोपणनाव घ्यावे लागले नाही.

जॅझ महोत्सवांना हाच धडा थोड्या फेरफाराने घेता येईल. तिकीट लावलेल्या मंचावर जो वाजवील, त्याला त्या जागेची ठरलेली बिदागी मिळालीच पाहिजे, मग तो दंतवैद्य असो वा दादरच्या बँडमधला वादक. दंतवैद्याला ती नको असेल, तर त्याने ती वृद्ध वादकांच्या मदतीसाठी द्यावी. पण संयोजकाच्या हिशेबात ती खर्ची पडली पाहिजे. म्हणजे निवड करताना ‘हा स्वस्त पडतो’ हे कारण उरणार नाही, आणि हौशी माणूस निवडला गेला तर तो गुणांवर निवडला गेला, हे त्यालाही कळेल. फुकटच्या मंचाने हौशी वादकाचेही नुकसानच होते. आपण बरे वाजवितो म्हणून बोलाविले की पैसे मागत नाही म्हणून, याचा उलगडा त्याला आयुष्यभर होत नाही.

याखेरीज दुपारचा एक मंच संपूर्णपणे हौशी वादकांसाठी, निवडफेरी घेऊन आणि तसे जाहीर करून, जरूर ठेवावा. मात्र त्या मंचावरचे पियानो, बेस आणि ड्रम्स वाजविणारे तिघे व्यावसायिक असावेत आणि त्यांना दिवसाची पूर्ण बिदागी मिळावी. यात दुहेरी लाभ आहे. हौशी वादकाचे सर्वांत मोठे दैन्य म्हणजे चांगल्या साथीचा अभाव. पक्का तबलजी मिळाला की सामान्य गवयाचीही चूक झाकली जाते आणि चांगला असेल तर तो फुलतो, हे मैफलीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जॅझमध्ये हे अधिकच खरे. ज्या मुलाने आठवडाभर तबकडीबरोबर सराव केला, त्याला प्रथमच जिवंत आवर्तन पाठीशी लाभते. आणि शहरातील तीन वादकांना घरी न बसता काम मिळते. जिथे महापालिकेचे मैदान, शासकीय सभागृह वा सार्वजनिक अनुदान वापरले जाते, तेथे ही अट परवानगीच्या कागदावरच घालण्यास काहीच अडचण नाही.

यावर संयोजकांचा आक्षेप ठरलेला आहे: पैसा कोठून आणावयाचा? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जॅझचा श्रोतृवर्ग आपल्याकडे लहान आहे आणि पुरस्कर्ते लहरी असतात. १९६० मध्ये न्यूपोर्ट महोत्सवाच्या बिदागीवर आणि कारभारावर नाराज होऊन चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांनी त्याच गावात आपला बंडखोर महोत्सव भरविला. त्या प्रतिमहोत्सवाचीही काही वार्षिक परंपरा होऊ शकली नाही. हिशेब कोणालाच चुकत नाही. पण पैसा नसेल तर महोत्सव चार दिवसांचा तीन दिवसांवर आणावा. परदेशी पाहुण्यांच्या चार ताफ्यांपैकी एक कमी बोलवावा. तीन स्थानिक साथीदारांची दुपारची बिदागी ही त्या एका ताफ्याच्या विमानभाड्यापुढे किरकोळ ठरेल. आणि ज्याला तेवढीही देणे शक्य नाही, त्याने दुपारचा मंच उभारू नये. त्या वेळात साधे जॅम सेशन ठेवावे, तिकीट काढून टाकावे, दार उघडे ठेवावे, आणि ज्याने वाद्य आणले असेल त्याला आत येऊ द्यावे.